नवा देश, नवं स्टेडियम : किंग्स्टनच्या यजमानपदाची पार्श्वभूमी

मराठी क्रीडारसिकाला जमैकाची राजधानी किंग्स्टन ठाऊक असते ती सबाइना पार्कमुळे. १९७१ साली दिलीप सरदेसाईंनी तिथे २१२ धावा काढल्या आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. पण याच मैदानावर पूर्वी आणखी एक गोष्ट रंगत असे, ती म्हणजे शाळांच्या ॲथलेटिक्स स्पर्धा. १९१० पासून चालत आलेल्या या स्पर्धांना तिथे सगळे ‘चॅम्प्स’ म्हणतात. किंग्स्टनने १९६० च्या दशकात दोन मोठ्या बहुक्रीडा स्पर्धा कशा पेलल्या, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या शाळकरी शर्यतींपासूनच करावी लागते.

१९११ च्या चॅम्प्समध्ये नॉर्मन मॅनली नावाच्या मुलाने १०० यार्डांचं अंतर १० सेकंदांत कापलं. हा शालेय विक्रम मोडायला तब्बल ४१ वर्षं लागली. हाच मुलगा पुढे नामवंत वकील झाला, त्याने पीपल्स नॅशनल पार्टी उभी केली आणि १९५५ मध्ये तो तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचा, म्हणजे जमैकाचा, मुख्यमंत्री झाला. राष्ट्रीय स्टेडियमचं काम त्याच्याच राजवटीत सुरू झालं, आणि त्याची गरज खरीखुरी होती. आर्थर विंटने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. १९५२ मध्ये हेलसिंकीत विंट, लेस्ली लेंग, हर्ब मॅकेन्ली आणि जॉर्ज ऱ्होडन या चौघांनी ४ x ४०० मीटर रिले विश्वविक्रमासह जिंकली. जगाला मागे टाकणाऱ्या या बेटावर मोठी ॲथलेटिक्स स्पर्धा भरवायची तर आसरा क्रिकेटच्या मैदानाचाच होता.

दरम्यान राजकारणाने वेगळंच वळण घेतलं. ब्रिटिश कॅरिबियन बेटांचं ‘वेस्ट इंडीज फेडरेशन’ १९५८ मध्ये स्थापन झालं. १९६० च्या रोम ऑलिंपिकला जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोसचे खेळाडू एकाच झेंड्याखाली गेले आणि रिलेत कांस्यपदक घेऊन आले. पण सप्टेंबर १९६१ च्या सार्वमतात जमैकाने फेडरेशनमधून बाहेर पडायचा कौल दिला. पाठोपाठ एप्रिल १९६२ च्या निवडणुकीत मॅनली हरले. स्टेडियम मार्गी लावलं त्यांनी, आणि देशाचे पहिले पंतप्रधान म्हणून तिथे मिरवायचा मान मिळाला अलेक्झांडर बुस्टामांटे यांना, म्हणजे त्यांच्याच नात्यातल्या प्रतिस्पर्ध्याला. मॅनलींच्या वाट्याला आलेला हा प्रसंग वाचताना आजही चुटपुट लागते.

१९६२ च्या ५ ऑगस्टच्या मध्यरात्री याच स्टेडियमवर ब्रिटिश ध्वज उतरला आणि स्वतंत्र जमैकाचा काळा-हिरवा-सोनेरी झेंडा चढला. त्याच महिन्यात तिथे नवव्या मध्य अमेरिकी आणि कॅरिबियन क्रीडास्पर्धा भरल्या. १९२६ मध्ये मेक्सिको सिटीत मेक्सिको, क्युबा आणि ग्वाटेमाला या तीनच देशांनिशी या स्पर्धांची सुरुवात झाली होती. तेव्हापासून हवाना, सान साल्वादोर, पनामा, बारांकिया, ग्वाटेमाला सिटी, काराकास असं यजमानपद स्पॅनिश भाषिक शहरांतच फिरत राहिलं. इंग्रजी बोलणाऱ्या शहराकडे ते पहिल्यांदा आलं ते किंग्स्टनच्या रूपाने. कॅरिबियन म्हणजे फक्त स्पॅनिश मुलूख नव्हे, हे त्या दिवसांत मैदानावर दिसलं, आणि मला ते पदकांच्या हिशेबापेक्षा मोठं वाटतं.

चारच वर्षांनी, ४ ते १३ ऑगस्ट १९६६ या काळात, किंग्स्टनने ‘ब्रिटिश साम्राज्य आणि राष्ट्रकुल’ स्पर्धा भरवल्या. नावातलं ‘साम्राज्य’ शेवटचं दिसलं ते इथे. १९३० पासून या स्पर्धा कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबाहेर गेल्या नव्हत्या. ट्रॅकवर त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या चौघांनी ४ x ४४० यार्ड रिलेत ३ मिनिटं २.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. केनियाच्या किप कीनोने एक मैल आणि तीन मैल या दोन्ही शर्यती जिंकल्या.

भारत १९६२ च्या पर्थ स्पर्धेला गेला नव्हता. किंग्स्टनला मात्र त्याने १० पदकं मिळवली, आणि त्यातली ७ कुस्तीतली. बिशंबर सिंग, मुख्तियार सिंग आणि भीम सिंग यांनी सुवर्ण जिंकलं, तर शामराव साबळे यांनी रौप्य. हातोडाफेकीतलं रौप्य प्रवीण कुमार यांचं. दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेत भीमाची गदा पेलणारे ते हेच.

त्या उन्हाळ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्पर्धेच्या काही आठवडे आधीच पश्चिम किंग्स्टनमधल्या ‘बॅक-ओ-वॉल’ या गरीब वस्तीवर बुलडोझर फिरले होते. ते स्पर्धेसाठी फिरले असं नाही, तिथे नवी वसाहत उभी करायची होती. पण ऑक्टोबरमध्ये त्याच भागात राजकीय हिंसाचारामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली. झेंडे आणि पदकांच्या छायाचित्रांत हे शहर दिसत नाही.

स्पर्धा संपल्या तरी स्टेडियम ओस पडलं नाही. कारण चॅम्प्स तिथे हलले आणि दरवर्षी शाळाशाळांचे पाठीराखे गॅलरी डोक्यावर घेऊ लागले. २००२ मध्ये जागतिक ज्युनियर ॲथलेटिक्स स्पर्धा इथेच झाली. घरच्या प्रेक्षकांपुढे इतकं दडपण आलं की २०० मीटरच्या शर्यतीआधी एका १५ वर्षांच्या मुलाने बूट उलटसुलट पायांत चढवले. त्याने सुवर्ण जिंकलं. त्याचं नाव उसेन बोल्ट. राष्ट्रकुलच्या युवा स्पर्धा पुढे २०१७ मध्ये बहामाजला आणि २०२३ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोला मिळाल्या. मुख्य स्पर्धा मात्र १९६६ नंतर कॅरिबियनमध्ये परत आलेली नाही.