माथेरान : लहान मुलं आणि माकडं
(सहलीच्या आदल्या दिवशी पालकांनी वाचायचं पत्रक)

माथेरानला माकडं दस्तुरी नाक्यापासूनच, म्हणजे गाड्या थांबतात तिथूनच, दिसायला लागतात. त्यांना मुलात रस नसतो, मुलाच्या हातातल्या पाकिटात असतो. त्यामुळे निम्मी काळजी घरी, सॅक भरतानाच घ्यायची.

सॅक
कुरकुऱ्याचं पाकीट, कॅरीबॅग, रंगीत सरबताची बाटली यातलं काहीच बाहेर दिसायला नको. खाऊ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा कापडी पिशवीत, पिशवी सॅकच्या तळाशी. चेन उघडणं माकडांना सहज जमतं, म्हणून दोन्ही टोकं जवळ आणून सेफ्टी पिन अडकवा. सॅक मोठ्यांकडेच असू द्या. मुलाच्या पाठीवर असली आणि माकडाने मागून ओढली, तर पट्ट्यांमुळे मूलही पडतं. तान्ह्या बाळाला कॅरिअरमध्ये पोटाशी घ्या. लाल मातीच्या खडबडीत वाटांवर बाबागाडी नीट चालत नाही.

पॉइंटवर
चावण्याइतकाच धोका इथे कड्याचा आहे. माकड दात विचकून अंगावर येतं ती बहुतेक वेळा हूल असते, पण मूल दचकून दोन पावलं मागे सरतं. इको किंवा लुईझा पॉइंटवर मागे दरी असते. म्हणून कड्याच्या बाजूला मोठं माणूस, आतल्या बाजूला मूल, आणि मनगट धरलेलं. फोटोसाठी कठड्यावर बसवायचं नाही. पॉइंटवर खायचंही नाही, भाजलेलं कणीससुद्धा. आमच्या सहलीत जेवण बाजारपेठेतल्या बंद खोलीत असतं, ते याचसाठी.

मुलांकडून घरी एवढं करून घ्या: माकड जवळ आलं की पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, दोन्ही तळवे उघडून रिकामे दाखवायचे आणि आई-बाबांकडे हळूहळू सरकायचं. वस्तू माकडाने धरलीच तर सोडून द्यायची. ओढाताणीतच नखं लागतात. पिल्लू कितीही गोड दिसलं तरी त्याच्याजवळ जायचं नाही, आई जवळच असते. मोठ्यांनी काठी जमिनीवर आपटावी, माकडावर उगारू नये. आणि एक बिस्कीटही देऊ नका. आज तुम्ही दिलेलं बिस्कीट ते उद्या दुसऱ्याच्या मुलाच्या हातातून हिसकावतं.

चावलं किंवा ओरखडलं तर
जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. मग त्याच दिवशी रेबीजची लस. कुत्र्याच्या बाबतीत त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. माकडाला तो नियम लागू नाही, त्यामुळे वाट बघत बसू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजचं सीरमही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते कुठे मिळेल हे फोन करून विचारूनच गाडी काढा. सरकारी दवाखान्यात लस कातडीत देतात, पहिल्या दिवशी आणि मग (पहिला दिवस शून्य धरून) तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. बरं वाटलं म्हणून मधला डोस चुकवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

नुसता हात लागला आणि कातडी शाबूत असली तर लस लागत नाही. पण मुलाच्या अंगावर बारीक ओरखडा पटकन दिसत नाही, तेव्हा बाही वर करून उजेडात नीट बघा. साबण आणि दोन लिटर पाणी आमच्या गाइडच्या पिशवीत असतं, मागून घ्या.