मासा अंग का घासतो?

फिशटँकमधला मासा संथपणे पोहता पोहता एकदम कुशीवर वळतो, दगडाला किंवा तळाच्या वाळूला अंग घासून वेगाने पुढे निघून जातो आणि त्या झटक्यात त्याची फिकट बाजू चमकून दिसते. हे क्वचित घडले तर काळजीचे कारण नाही; खुल्या समुद्रात टुना मासेसुद्धा शार्कच्या खरखरीत कातडीला अंग घासताना दिसले आहेत. मात्र तोच मासा पुनःपुन्हा असे करू लागला, किंवा बरेच मासे एकाच वेळी करू लागले, तर त्यांच्या त्वचेला किंवा कल्ल्यांना काहीतरी त्रास होतो आहे असे समजावे.

पहिला संशय पाण्याचाच घ्यावा. पाणी बदलल्यावर थोड्याच वेळात सगळे मासे अंग घासू लागले, तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन हे कारण असू शकते. नव्या टाकीत माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि तोवर अमोनिया व त्यापासून बनणारे नायट्राइट साचत राहतात. पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) जितका जास्त, तितका तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून तपासणी न करता औषध ओतणे मला अन्यायाचे वाटते, कारण आधीच चुरचुरणाऱ्या कल्ल्यांवर त्याने आणखी ताण येतो.

पाणी निर्दोष निघाले, तर परजीवींचा विचार करावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणारा इक्थिओफ्थिरिअस हा एकपेशीय जीव त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून तिथेच पोसला जातो, आणि अंगावर मिठाच्या कणाएवढे ठिपके दिसण्यापूर्वीच तो कल्ल्यांत असू शकतो. म्हणजे ठिपका नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो माशापासून सुटतो, तळाशी कवच करून राहतो आणि विभागत जाऊन त्यातून शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडतात, ज्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. औषध लागू पडते ते याच मोकळ्या अवस्थेत. २५ अंश सेल्सिअसला हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते, तर थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे ठिपके दिसेनासे होताच उपचार थांबवले, तर तळाशी राहिलेल्या कवचांतून रोग पुन्हा उद्भवतो.

ठिपके कधीच दिसले नाहीत आणि घासणे मात्र चालूच राहिले, तर त्वचेवरच्या किंवा कल्ल्यांवरच्या सूक्ष्म चपट्या कृमींची शंका घ्यावी. त्यांपैकी गायरोडॅक्टिलस थेट पिल्लांनाच जन्म देतो आणि त्या पिल्लाच्या पोटात जन्माआधीच पुढची पिढी वाढत असते, त्यामुळे त्याची संख्या फार झपाट्याने वाढते. अशा कृमींसाठी प्राझिक्वांटेलसारखे कृमिनाशक वापरतात; पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते चालत नाही, म्हणून शक्य असेल तिथे त्वचेवरचा बुळबुळीत थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मगच औषध निवडावे.