पार्टनर, फेलो, रायव्हल: भागीदारीच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

डेन्मार्कमधल्या आरहूस शहराबाहेर मोसगार्ड नावाचं संग्रहालय आहे. तिथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा एक दगड ठेवलाय. त्याच्या एका बाजूला मुखवटा कोरलाय आणि बाकीच्या बाजूंवर रून या तिथल्या जुन्या लिपीतला मजकूर आहे. चार माणसांनी मिळून आपल्या एका मृत सोबत्यासाठी हा दगड उभा केला. राजे एकमेकांशी लढले तेव्हा हा सोबती मेला, एवढीच त्याची हकीकत. पण त्याच्याशी या चौघांचं नातं काय होतं तेही कोरून ठेवलंय. तो त्यांचा 'फेलागी' होता.

हाच शब्द व्हायकिंग या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला आणि 'फेलो' झाला. त्याचे सरळ दोन तुकडे पडतात. 'फे' म्हणजे गुरंढोरं, आणि त्यावरून मालमत्ता, पैसा. 'लाग' म्हणजे ठेवणं, मांडणं. आपला पैसा दुसऱ्याच्या पैशाशेजारी आणून ठेवतो तो फेलागी. जहाज बांधायचं, माल भरायचा, जोखीम घ्यायची आणि नफा वाटून घ्यायचा, असा हा व्यवहार होता. तो दगड म्हणजे धंद्यातल्या भागीदारांनी भागीदारासाठी केलेलं स्मारक आहे. चौघांनी खर्च करून दगड घडवून घ्यावा इतका जिव्हाळा त्या व्यवहारात होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

या 'फे'चं आपल्याशी जवळचं नातं आहे. संस्कृतातला 'पशु' तो हाच. आवाजाच्या साम्यावरून ठोकून दिलेला हा अंदाज नाही, त्यामागे एक नियम आहे. रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने 1818 मध्ये आणि याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने 1822 मध्ये तो नियम मांडला. संस्कृत आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'प' असेल, तर इंग्रजीच्या घराण्यातल्या भाषांत तिथे 'फ' येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. तसंच लॅटिनमधल्या 'क'च्या जागी या भाषांत 'ह' येतो आणि संस्कृतात अनेकदा 'श' दिसतो. लॅटिन केंटुम, संस्कृत शतम् आणि इंग्रजी हंड्रेड हे तिन्ही शंभरच. आता 'पशु' घ्या. लॅटिनमध्ये तो 'पेकु', इंग्रजीच्या घराण्यातल्या गॉथिक या जुन्या भाषेत 'फैहु', जुन्या इंग्रजीत 'फेओह', आणि शेवटचा हकार गळून नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'फे'. प्रत्येक अक्षराचा हिशेब लागतो. हिशेब लागत नसेल तर दोन शब्द कितीही सारखे वाटोत, भाषाशास्त्रज्ञ त्यांना नातेवाईक मानत नाहीत. व्युत्पत्तीला शास्त्र म्हणायचं ते याच शिस्तीमुळे.

गुरं म्हणजेच संपत्ती ही कल्पना इंग्रजीत आणखी एका ठिकाणी टिकलीय. जनावरांसाठीचा 'कॅटल' आणि भांडवलासाठीचा 'कॅपिटल' एकाच लॅटिन शब्दातून आलेत. 'फेलो' मात्र हळूहळू पैशापासून दूर गेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत कॉलेजच्या उत्पन्नात ज्यांचा वाटा असे ते सभासद फेलो झाले, मग विद्वत्सभांचे सभासदही फेलो झाले. मुंबईचे जहाजबांधणी अभियंते आर्देशीर करसेटजी वाडिया 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. जहाजावरच्या भागीदारांचा शब्द जहाज बांधणाऱ्याकडे आला, हा योगायोगही सुंदर आहे.

'सोसायटी'चं घराणंही आपल्या ओळखीचं निघतं. लॅटिनमध्ये 'सोकियुस' म्हणजे साथीदार, बरोबर चालणारा. संस्कृतातला 'सखा' त्याचा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ 'मागोमाग जाणं, सोबत असणं' या अर्थाच्या धातूत आहे.

'कंपनी' आणि 'कंपॅनियन' यांच्या पोटात आहे ती भाकरी. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे पाव आणि 'कोम' म्हणजे सह. ज्याच्याबरोबर पाव मोडून खायचा तो 'कोंपानियो'. गंमत अशी की अभिजात लॅटिन वाङ्मयात हा शब्द नाही. तो दिसतो फ्रँक टोळ्यांच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या सालिक कायद्यात. त्याच्या दोनेकशे वर्षं आधीच्या गॉथिक बायबलमध्ये सोबत्यासाठी 'गहलैबा' असा शब्द आहे. त्यातही 'ग' म्हणजे सह आणि 'हलैब' म्हणजे पाव, इंग्रजीतला आजचा 'लोफ'. म्हणून अभ्यासकांना वाटतं की जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या घराण्यातल्या भाषा बोलणाऱ्या, सैनिकांनी आपल्या शब्दाची लॅटिनमध्ये जशीच्या तशी नक्कल केली असावी. मध्ययुगात फ्लॉरेन्सच्या सावकार घराण्यांनी आपल्या भागीदारीच्या पेढ्यांना 'कोंपान्या' म्हटलं. 31 डिसेंबर 1600 रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना राणी एलिझाबेथची सनद मिळाली तेव्हा त्यांच्या नावातही हा शब्द होता. त्यानंतर कंपनी सरकारने आपल्याकडे काय केलं हे सांगायला नको. एका ताटातल्या पावापासून निघालेला शब्द कुठवर गेला!

'मेट'ही याच पंगतीतला. त्याचं मूळ 'मीट'च्या मुळाशी एक आहे, आणि 'मीट'चा जुना अर्थ नुसतं मांस नव्हता, तर कुठलंही अन्न असा होता. 'कॉम्रेड'मध्ये मात्र जेवण नाही, खोली आहे. स्पॅनिशमध्ये 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणारा सैनिक. त्यातल्या 'कामारा'चं पोर्तुगीज भावंड आपल्याकडे उतरून 'कमरा' झालं, आणि मूळ लॅटिन 'कामेरा' फोटो काढायच्या यंत्राला मिळाला. गिरणगावातल्या सभांमध्ये एकमेकांना कॉम्रेड म्हणणारे कितीतरी कामगार खरोखरच एका खोलीत दाटीवाटीने राहत होते.

मला सर्वांत जास्त चकित करतो तो 'रायव्हल'. लॅटिनमध्ये 'रिवुस' म्हणजे ओढा, पाट. 'रिवालेस' म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारे शेतकरी. रोमन कायदेपंडित उल्पियान याने या शब्दाची नेमकी हीच व्याख्या दिलीय, आणि ती जस्टिनियन सम्राटाच्या सहाव्या शतकातल्या कायदेसंग्रहात जपली गेलीय, तीही पाण्याच्या तंट्यांबद्दलच्या प्रकरणात. रात्री-अपरात्री पाण्याची पाळी धरायला शेतावर गेलेल्या माणसाला भागीदाराचा प्रतिस्पर्धी कसा होतो हे समजावून सांगावं लागणार नाही.

इंग्रजीत काही काळ या शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी नांदत होते. 'हॅम्लेट' नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात पहारेकरी बर्नार्डो आपल्या सोबत्यांना 'रायव्हल्स ऑफ माय वॉच' म्हणतो. त्याला म्हणायचंय, माझ्याबरोबर पहारा देणारे. 1603 मध्ये या नाटकाची जी पहिली, काहीशी मोडकी प्रत छापली गेली, तिच्यात याच जागी 'पार्टनर्स' आहे. नंतरच्या प्रतींत 'रायव्हल्स' आला. एकाच वाक्यात, एकाच जागी हे दोन शब्द बसत होते, याहून चांगला पुरावा कुठला हवा?

लग्नाच्या शब्दांवर फार रेंगाळत नाही, पण तीन सांगायलाच हवेत. 'कॉन्ज्युगल'मध्ये 'युगुम' आहे, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. इंग्रजी 'योक', संस्कृत 'युग' आणि मराठी 'जू' हे सगळे एकाच कुळातले. 'स्पाउस' आणि 'स्पॉन्सर' दोघेही वचन देण्याच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आले. आणि 'वेडलॉक'चा कुलुपाशी काही संबंध नाही. 'वेड' म्हणजे वचन, आणि 'लाक' हा कृती दाखवणारा जुना प्रत्यय. लग्नाला कुलूप म्हणणारे विनोद पुष्कळ झाले, पण व्युत्पत्ती त्यांच्या बाजूने नाही.

आता खुद्द 'पार्टनर'. तो 'पार्ट'पासून सरळ बनला असं वाटतं, पण त्याचं आधीचं रूप 'पार्सनर' होतं. ते जुन्या फ्रेंचमधून आलं. लॅटिन 'पार्तितियो' म्हणजे वाटणी, आणि त्या वाटणीतला हिस्सेदार तो पार्सनर. लोकांच्या कानात 'पार्ट' इतका बसला होता की बोलण्यात 'पार्सनर'चा 'पार्टनर' झाला. वकिलांनी मात्र जुनं रूप सोडलं नाही. इंग्लंडच्या कायद्यात बापाची जमीन सर्वसाधारणपणे थोरल्या मुलाला जायची. मुलगा नसेल तर सगळ्या मुली मिळून एक वारस धरल्या जायच्या, आणि अशा मुलींना म्हणत 'को-पार्सनर'.

पुढे हिंदुस्थानातल्या इंग्रजी न्यायालयांत हा शब्द आपल्या एकत्र कुटुंबाला लावला गेला. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातल्या विज्ञानेश्वराने लिहिलेल्या 'मिताक्षरा' या धर्मशास्त्रावरच्या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा, नातू आणि पणतू यांना जन्मानेच हक्क मिळतो. या पुरुषांच्या गटाला इंग्रजीत 'को-पार्सनर' हे नाव पडलं. इंग्लंडमध्ये जो शब्द मुख्यतः मुलींचा होता, तो इथे मुलींना बाहेर ठेवणाऱ्या गटाचा झाला. या सगळ्या शब्दांमध्ये मला अस्वस्थ करतो तो हा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही हा गट तसाच ठेवला. महाराष्ट्राने 1994 मध्ये दुरुस्ती करून मुलींना त्यात घेतलं, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने देशभर मुलगी जन्मतः को-पार्सनर ठरली, लग्न झालेलं असो वा नसो. तरीही त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर वर्षानुवर्षं दावे चालले. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.