इत्सुकुशिमा देवस्थान

जपानच्या हिरोशिमा प्रांतातील, सेतो अंतर्गत समुद्राकाठचे प्रसिद्ध शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थान. ज्या बेटावर ते आहे त्याला मियाजिमा असेही म्हणतात. येथे सागरप्रवासाचे रक्षण करणाऱ्या तीन मुनाकाता देवींची पूजा होते. वादळाचा देव सुसानोओ याच्या तलवारीचे तुकडे त्याची बहीण, सूर्यदेवी अमातेरासू हिने चावून फुंकले, त्या धुक्यातून त्या जन्मल्या अशी कथा आहे.

या देवींचा क्रम आणि स्थाने यांबाबत जुन्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. ‘कोजिकी’ या पुराणकथासंग्रहात (७१२) या तिघींपैकी इचिकिशिमाहिमे ही क्यूशू बेटावरील मुनाकाता या त्यांच्या मूळ स्थानच्या तीन देवळांपैकी मधल्या देवळाची देवी ठरते, तेथील आजच्या परंपरेनुसार मात्र ती मुख्य भूमीवरील देवळात आहे. ‘निहोन शोकी’ या जुन्या इतिहासग्रंथातील (७२०) पाठभेदही परस्परांशी जुळत नाहीत. इत्सुकुशिमा हे नाव इचिकिशिमाहिमेच्या नावावरून आले असावे, असे एक मत आहे. ‘इत्सुकु’ म्हणजे शुचितेने पूजणे, या धातूवरून ते आले असेही मानतात. दोन्ही शब्द मुळात एकच असण्याचा संभव असल्याने हा भेद फारसा टोकाचा धरू नये. पुढे बौद्ध प्रभावाने ही देवी बेन्झाइतेनशी, म्हणजे आपल्या सरस्वतीशी, एकरूप मानली गेली. १८६८ मध्ये शिंतो व बौद्ध पंथ वेगळे करण्याचा आदेश निघाल्यावर तिची मूर्ती जवळच्या दाइगान्जी मंदिरात गेली.

स्थापना परंपरेने ५९३ मधील. लिखित उल्लेख ८११ चा, म्हणून तोच अधिक भरवशाचा. सध्याच्या मांडणीचे श्रेय तायरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराला (सु. ११६८) देतात. मुख्य गाभारा १५७१ मध्ये पुन्हा बांधला. संपूर्ण बेटच पवित्र मानल्याने इमारती भरतीच्या पाण्यावर उभारल्या, असे सांगतात. सज्जांच्या फळ्यांत फटी ठेवल्या आहेत. उधाणाचे पाणी त्यांतून वर येते व जोर ओसरतो.

समुद्रातील तोरी ही कमान १८७५ ची, सु. १६.६ मी. उंच व कापुराच्या लाकडाची आहे. तिचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत. ती स्वतःच्या वजनावर उभी आहे. २०१९ ते २०२२ या काळात तिची दुरुस्ती झाली. ओहोटीला तिच्यापर्यंत चालत जाता येते, भरतीला नाव लागते. म्हणून यात्रेकरू आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतात.

दर्शनापूर्वी डावा, मग उजवा हात धुऊन चूळ भरतात. नंतर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या व पुन्हा एक नमस्कार, असा सर्वसाधारण विधी आहे. चांद्र पंचांगातील सहाव्या महिन्याच्या १७ तारखेला कांगेन्साइ हा उत्सव असतो. त्या वेळी देवीची स्वारी वाद्यांच्या साथीने नावेतून निघते. १९९६ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.