पार्श्वभूमी: इंटरप्ट कंट्रोलरचं वर्णन कर्नलच्या कोडबाहेर कसं आलं

नांदेडच्या आमच्या अभ्यासगटातली मुलं स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहीत आहेत. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर टायमर आणि सिरियल पोर्ट नीट चालले. हार्डवेअरचे पत्ते बदलून तोच कोड पाय ४ वर टाकला, तर एकही इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसनं प्रोसेसरला मारलेली हाक, येईना. पाय ३ वर चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमचा स्वतःचा इंटरप्ट कंट्रोलर आहे आणि पाय ४ वर प्रोसेसरचा आराखडा करणाऱ्या आर्मचा जीआयसी-४००.

मोंढ्यात हंगामाच्या दिवसांत दहा जण एकदम हाका मारतात. आधी कुणाचं बघायचं, कुणाला थांबवायचं, हे मुनीम ठरवतो आणि एका वेळी एकच काम मालकापुढे नेतो. प्रोसेसरपुढे हेच काम इंटरप्ट कंट्रोलर करतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५९ए ही एकच कंट्रोलर चिप होती, आठ लाइनची. लाइन म्हणजे हाक आणणारी तार. १९८४ च्या पीसी एटीत अशा दोन बसवल्या. दुसरी पहिलीच्या एका लाइनला जोडलेली, म्हणून वापरायला पंधरा उरल्या. सगळे पीसी सारखेच असल्यानं हे आकडे थेट कोडात लिहिले तरी चालायचं. पुढे एकाहून जास्त प्रोसेसर आले, त्यांच्यासाठी एपीआयसी हा नवा कंट्रोलर आला, आणि जोडणी कशी आहे हे फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू होताना चालणारं सॉफ्टवेअर, तक्त्यातून सांगू लागलं. त्या तक्त्याचं मानक, इंटेलचं मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन, १९९४ चं. नंतर ते काम एसीपीआय या पुढच्या मानकाकडे गेलं.

आर्मच्या जगात असा तक्ताच नव्हता. ज्याची चिप त्याचा कंट्रोलर, आणि लिनक्स या कर्नलमध्ये प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाइल. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर उघडपणे चिडले. त्यानंतर आर्मनं डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे सांगणाऱ्या, कोडाबाहेरच्या वर्णनाची वाट धरली. तिचं मूळ ओपन फर्मवेअर या मानकामध्ये, आणि पॉवरपीसी प्रोसेसरवर ती आधीपासून वापरात होती.

माझ्या मते त्याहून मोलाचा बदल २००६ चा आहे. लिनक्स २.६.१८ मध्ये इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर या कर्नल विकसकांच्या कामातून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: चिपला काय करता येतं (लाइन झाकणं म्हणजे तात्पुरती बंद करणं, पोच देणं) आणि इंटरप्ट कोणत्या रीतीनं हाताळायचा. लेव्हल इंटरप्टची लाइन डिव्हाइसचं समाधान होईपर्यंत वर राहते, म्हणून ती आधी झाकावी लागते. एज इंटरप्ट क्षणभर येतो. चुकला की गेला. ही रीत प्रत्येक चिपसाठी नव्यानं लिहायची गरज उरली नाही. नवा कंट्रोलर आला की त्याच्यापुरतीच थोडी फंक्शन्स लिहायची.

आमच्या मुलांनी जीआयसीचा ड्रायव्हर लिहिला, तरी सिरियल पोर्ट गप्पच. डिव्हाइस ट्रीमध्ये त्याचा क्रमांक १२१ आहे आणि त्यांनी तोच कंट्रोलरच्या रजिस्टरसाठी (सेटिंगच्या जागेसाठी) वापरला होता. जीआयसीत पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरच्या खाजगी इंटरप्टसाठी राखलेले असतात, आणि डिव्हाइस ट्री सामायिक इंटरप्ट त्यांच्या पुढून शून्यापासून मोजते. म्हणजे खरा क्रमांक १५३. तो घातला आणि स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटलं.