‘मोबाईलवर चालणाऱ्या हेडसेटचा माइक कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणजे माइक गेला’

हा समज बराच जुना आहे, आणि आवाज नीट येतो पण समोरच्याला आपलं ऐकू जात नाही तेव्हा तसं वाटणं साहजिकच. पण बहुतेक वेळा माइक धडधाकट असतो. गडबड पिनेत असते.

पिन जवळून पाहा. तिच्यावर ३ काळ्या रेघा असतील तर धातूचे भाग ४ होतात: डावा आवाज, उजवा आवाज, अर्थिंग आणि माइक. डेस्कटॉपच्या हिरव्या आणि गुलाबी भोकांत मात्र ३ भागांचीच सोय असते. हिरव्यात घातली की आवाज येतो, माइकचा भाग तसाच राहतो. गुलाबीत घालूनही उपयोग नाही, कारण तिथे माइक पिनेच्या टोकाशी अपेक्षित असतो, आणि या पिनेचा माइक असतो पार बुडाशी.

खात्री करायची तर तोच हेडसेट मोबाईलला लावून, माइकवर हलकेच टिचकी मारत रेकॉर्डिंग करा. टकटक स्पष्ट आली की माइक ठीक.

मग एका मादी सॉकेटमधून हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना निघणारा स्प्लिटर घ्या. दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर दिसायला जवळपास तसाच असतो, तो इथे कुचकामी. लॅपटॉपला हेडसेटचं चित्र असलेलं एकच भोक असेल तर स्प्लिटर नकोच. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद नाही ना, ते पाहा.