बंक की रोलर? आधी उजनीचा काठ बघा
जुनी बोट घेतली म्हटल्यावर सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला: "ट्रेलर कशाला, उसाच्या ट्रॉलीत टाक की!" टाकता येते हो, पण पाण्यात उतरवणार कशी? ट्रॉलीचा तळ सपाट आणि उंच. बोटीच्या ट्रेलरला तळच नसतो, नुसता सांगाडा, आणि बोट त्याच्यावर टेकते. ती कशावर टेकते एवढ्यावरून बंक आणि रोलर असे दोन प्रकार झाले. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच विकणारा जे म्हणेल ते आपण ऐकतो.

बंक म्हणजे गालिचा गुंडाळलेल्या दोन लांब फळ्या. बोट त्यांच्यावर पोट टेकवून बसते. रोलरच्या ट्रेलरवर रबराची किंवा प्लॅस्टिकची चाकं असतात आणि बोट त्यांच्यावरून घरंगळते. बंक स्वस्त पडतो, फिरणारं त्यात काही नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. एवढ्यावर निकाल लावायचा तर बंकच घ्यावा.

पण आपल्याला बोट उजनी धरणात सोडायची आहे.

बंकवरून बोट घसरत नाही, ती तरंगून सुटते. म्हणजे फळ्या पाण्याखाली जाईपर्यंत ट्रेलर मागे ढकलावा लागतो. धरण भरलेलं असलं आणि उतार टणक मिळाला तर हे दोन मिनिटांचं काम. उजनीची साठवण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही खाली, जाणं आपल्याला नवीन नाही. पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर दिसायला लागलं की ओळखायचं, काठ लांब सरकला. मधे उरतो तो गाळ आणि काळी माती. वरून वाळून भेगाळलेली, टणक वाटते. चाक गेलं की खालचा चिखल धरून ठेवतो. अशा जागी बंकचा ट्रेलर खोल न्यायचा म्हणजे पाठोपाठ जीपही गाळात, आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधा.

रोलरला एवढं पाणी लागत नाही. मागचं टोक पाण्याला लागलं की बोट ढकलता येते, आणि परत येताना विंचने (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या, दोर गुंडाळणाऱ्या चरख्याने) ओढून वर घेता येते. मात्र त्याची खोडही हीच. बोट पाण्यापर्यंत पोचण्याआधी विंचचा हूक काढला, तर उतारावर ती तुमची वाट बघत नाही, सरळ जमिनीवर येते. सोबत हौशी मंडळी असली की हूक काढायची घाई कुणाला तरी असतेच.

आता बोटीचं पोट बघा. सपाट तळाच्या ॲल्युमिनियमच्या बोटीचं वजन मोजक्या रोलरवर आलं तर पत्र्याला पोचे पडतात. तिला बंकच बरा. खाली निमुळती, मधे कणा असलेली फायबरची बोट रोलरवर नीट चालते, पण भार कण्यावर यायला हवा, बाजूच्या रोलरनी फक्त तोल धरायचा. बोट आणि ट्रेलर वेगवेगळ्या माणसांकडून घेतलेत तर आणखी एक बघा: आधार बोटीच्या मागच्या टोकापर्यंत पोचतो का? इंजिनाचं सगळं वजन तिथंच असतं. फळी हातभर जरी आखूड पडली, तरी तळाला हळूहळू बाक येतो.

उजनीसाठी मी मधे कण्याखाली रोलर आणि दोन्ही बाजूंना बंक असा मिश्र ट्रेलर घेईन. एमआयडीसीतला चांगला फॅब्रिकेटर रोलर बसवून देऊ शकतो. पाणी गोडं आहे, त्यामुळे रंग नीट राखला तर चालून जातं. कोकणात समुद्रावर न्यायची असेल तर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला सांगाडाच हवा. आरटीओची नोंदणी ट्रेलरलाही लागते, कागद आधी मागा.

वजनाचा अंदाज करू नका. जुन्या फायबरच्या बोटीच्या आतला फोम कधीकधी पाणी पिऊन बसलेला असतो, आणि ते वजन मूळ कागदावर नसतं. आपल्याकडे वजनकाट्यांना तोटा नाही. इंजिन, भरलेली टाकी आणि जाळ्यांसकट एकदा काट्यावर चढवा. त्यातला साधारण 5 ते 10 टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलतो.

आणि पुणे रस्त्याने धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो मधला भाग, तापलेले असतात. गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं आणि बेअरिंगचं ग्रीस बाद होतं. टेंभुर्णीला निवांत चहा घ्या, काठावर पोचलात की हबला हात लावून बघा. कोमट लागला तर आणखी थोडं थांबा.